ताबा पाण्याच्या वेळेत द्या : घर विकताना होणारा पाण्याचा घोळ आणि तो सोडवण्याचा क्रम

आधी लक्षणं सांगते. यातलं एखादं तरी तुमच्या ओळखीचं निघेल.

– फ्लॅट विकून तीन महिने झाले, तरी सोसायटीचं बिल जुन्या मालकाच्याच नावाने येतंय आणि पाणीपट्टीची थकबाकी वाढत चालली आहे.
– नव्या मालकाने चावी घेतली, सकाळी पाणी सुटलं आणि खालच्या घरात सिलिंगमधून धार लागली.
– ताबा घेताना सगळं ठीक होतं, राहायला आल्यावर किचनच्या नळाला पाणी नाही. किंवा येतं ते तांबूस, गंजाचं.
– घर चार महिने कुलूपबंद आहे, तरी खालच्यांच्या बाथरूमचा कोपरा ओलाच.
– बंद घराचं दार उघडलं की गटाराचा वास येतो.
– त्याच घरात नव्या मालकाची पाणीपट्टी जुन्यापेक्षा एकदम जास्त.
– स्वतंत्र घर विकायला काढलं आणि पालिकेच्या पाणीबिलावर अजून आजोबांचं नाव.

मुंबईत मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. आता आसपासच्या चार सोसायट्यांचे हिशेब आणि कागदपत्रं बघते. घर विकलं की पाण्यावरून भांडण होतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की कोणी "घर विकतोय" म्हणून सांगायला आलं की पेढ्याच्या आधी पाण्याचं विचारते.

ही लक्षणं वेगवेगळी वाटतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे. चावी दुपारी दिली जाते आणि पाणी सकाळी येतं. मुंबईत नळाला चोवीस तास पाणी नसतं. तलावांतलं पाणी भांडुप किंवा पांजरापूरला शुद्ध होतं, तिथून सेवा जलाशयांत जातं आणि प्रत्येक विभागाला ठरलेल्या तासांपुरतं सोडलं जातं. ते आपल्या इमारतीच्या खालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि बऱ्याच जुन्या इमारतींत वॉचमन सकाळ-संध्याकाळ दोन-अडीच तास व्हॉल्व्ह उघडतो तेवढंच घरात उतरतं. बँक, रजिस्ट्रेशन, एजंट यांची कामं मात्र कचेरीच्या वेळेत चालतात. त्यामुळे घर बघणं, मोजणं, ताबा देणं हे सगळं पाइपांत फक्त हवा असताना उरकतं. नळ फिरवून बघितला, पाणी नाही, "आत्ता वेळ नाही ना पाण्याची" म्हणून सगळे पुढे सरकतात.

आता तपासण्या सांगते. क्रम फुकटातल्या कामापासून खर्चाच्या कामाकडे जाणारा आहे. वरचं सोडून एकदम भिंत फोडायला जाऊ नका.

पाणी नक्की कोणाच्या नावावर आहे?

यासाठी एक कागद बघायचा आणि एक प्रश्न विचारायचा, बस. मुंबईत सोसायटीतल्या फ्लॅटला बहुधा स्वतःची जोडणी नसते. जोडणी सोसायटीच्या नावाने, मीटर सोसायटीचं, बिल सोसायटीला, आणि सोसायटी ते सभासदांत वाटते. अशा घरात पालिकेकडे जाऊन नाव बदलायचं काहीच नसतं. तुमचा पाण्याचा सगळा व्यवहार सोसायटीच्या खात्यात होतो. काही नव्या संकुलांत प्रत्येक फ्लॅटला आतलं वेगळं मीटर असतं. ते संकुलाचं असतं, पालिकेचं नव्हे, आणि त्याचं रीडिंगही संकुलाचं ऑफिसच घेतं. बंगला, गावठाणातलं घर किंवा काही जुन्या वाड्या-चाळींत मात्र पालिकेची थेट जोडणी असते. तिच्या बिलावर सीसीएन, म्हणजे ग्राहक जोडणी क्रमांक, छापलेला असतो. पगडीची, म्हणजे जुन्या भाडेकरू हक्काची, खोली असेल तर जोडणी घरमालकाच्या नावाने असते.

हे आधी ठरवायचं, कारण लोक चुकीच्या दारात चकरा मारतात. आमच्याच एका काकांनी फ्लॅट विकल्यावर टी वॉर्डच्या, म्हणजे पालिकेच्या मुलुंड विभागाच्या, ऑफिसात दोन सुट्ट्या घालवल्या. त्यांच्या नावाची जोडणीच नव्हती, तर बदलणार काय?

परदेशातून घर विकायला आलेले लोक हमखास विचारतात, "पाण्याचं कनेक्शन बंद करून देऊ का?" नाही. वीज किंवा गॅसच्या खात्यासारखं ते नाही. थेट जोडणी असलेल्या घरात ती तोडून घेतलीत, तर घेणाऱ्याला परवानाधारक प्लंबरमार्फत नव्याने अर्ज करत बसावं लागेल आणि तोवर घरात पाणी नसेल. जोडणी चालू ठेवायची, हिशेब बंद करायचा आणि नाव बदलायचं.

मागच्या वर्षभराची बिलं वाचा

सोसायटीकडून आपल्या खात्याचा उतारा मागा. त्यात पाणीपट्टीची ओळ वेगळी बघा. मेंटेनन्स भरलाय म्हणून पाण्याचंही भरलंय असं धरून चालू नका. मागच्या उन्हाळ्यात टँकर मागवले असतील तर त्यांची वर्गणी बऱ्याचदा वेगळ्या नोटिशीने लावलेली असते आणि तीच राहून जाते. थेट जोडणी असेल तर सीसीएन टाकून पालिकेच्या संकेतस्थळावर थकबाकी दिसते. पालिकेचं पाणीबिल महिन्याभरात भरलं नाही तर दरमहा २ टक्के अतिरिक्त आकार लागतो. वर्षभर राहिलेलं बिल म्हणूनच अंगावर येतं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती इथे लिहून ठेवते. पालिकेचं बिल मागच्या काळाचं असतं. त्यातून सोसायटीचं मीटर बंद पडलेलं असेल तर पालिका सरासरीवर बिल लावते आणि पुढे फरक येऊ शकतो. म्हणजे आज "बाकी शून्य" असा दाखला मिळाला, तरी तुम्ही राहत होता त्या महिन्यांचा फरक सहा महिन्यांनी उगवू शकतो. तो नव्या मालकाच्या बिलात लागतो आणि त्याला वाटतं फसवलं. म्हणून ताबापत्रात मी नेहमी एक परिच्छेद घालायला लावते. साधारण असा :

"अमुक तारखेपर्यंतचा पाणी व मलनिःसारण आकार, टँकरचा खर्च आणि या काळाबद्दल नंतर येणारा कोणताही फरक विकणार भरेल. त्या तारखेनंतरचा सर्व आकार घेणार भरेल. ताबा देताना सर्व नळ पाणी चालू असताना दोघांनी पाहिले आहेत."

भाषा तुमच्या वकिलाला हवी तशी बदलू द्या, पण तीनही वाक्यं राहिली पाहिजेत. शेवटचं वाक्य तर राहिलंच पाहिजे.

विक्रीला वेळ आहे म्हणून पाण्याचे पैसे थकवू नका. काही घरांत असा विचार करतात की शेवटी पैसे आले की एकदम भरू. सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत, थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याची तरतूद असते. शिवाय घेणाऱ्याची बँक थकबाकी नसल्याचा दाखला मागते तेव्हा नेमका तोच कागद अडतो.

नळ मोजा

दहा मिनिटांचं काम आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीप्रमाणे, पाणीपट्टीची वाटणी घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवर होते, घराच्या क्षेत्रफळावर नाही. तुम्ही कधीतरी बाल्कनीत वॉशिंग मशीनला पॉइंट काढला असेल, दुसऱ्या बाथरूममध्ये गीझरसाठी जास्तीची जोडणी घेतली असेल आणि सोसायटीच्या वहीत जुनाच आकडा राहिला असेल. घर विकलं की कमिटीचा माणूस बघायला येतो, नवीन मोजणी होते आणि घेणाऱ्याचं बिल वाढतं. सुरुवातीला सांगितलेल्या "एकदम जास्त" बिलाचं हे नेहमीचं कारण आहे. आधीच मोजा, वहीत दुरुस्त करून घ्या आणि घेणाऱ्याला खरा आकडा सांगा.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) नसेल तर तेही आत्ताच सांगा. अशा इमारतीला पाणी दुप्पट दराने मिळतं आणि घेणाऱ्याला ते पहिल्या बिलातच कळणार आहे.

पाण्याच्या वेळेत एक फेरी

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त भर देते, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पाचव्या मजल्यावरचं निवृत्त जोडपं घर विकून चिपळूणला गावी गेलं. जाताना त्यांनी स्वतःच्या वस्तू नेल्या : पाणी शुद्ध करायचं यंत्र, गीझर, वॉशिंग मशीन. नेणाऱ्या माणसाने पाइप काढले आणि मेन कॉक बंद करून ठेवला. शनिवारी दुपारी तीनला चावी दिली. रविवारी घेणाऱ्याचा रंगारी आला, पाणी हवं म्हणून त्याने मेन कॉक उघडला, वेळ नसल्यामुळे पाणी आलं नाही, म्हणून तो तसाच उघडा ठेवून गेला. सोमवारी सकाळी सहाला वॉचमनने व्हॉल्व्ह सोडला. किचनमध्ये सिंकखालची शुद्धीकरण यंत्राची जोडणी उघडी, बाथरूममध्ये गीझरची दोन तोंडं उघडी. दोन तास पाणी वाहिलं. चौथ्या मजल्यावरचं नवं पीओपी सिलिंग खाली आलं, खाली ठेवलेलं कपाट भिजलं. आता भरपाई कोणी द्यायची? विकणारे म्हणाले आम्ही कॉक बंद करून दिला होता. घेणारे म्हणाले आम्हाला उघड्या तोंडांचं कोणी सांगितलं नाही. खालच्या वहिनी दोघांनाही सोडायला तयार नव्हत्या. ताबापत्रात पाण्याचा शब्द नव्हता. अडीच महिने समेट होईना आणि तोवर शेअर सर्टिफिकेटही नव्या नावावर झालं नाही. शेवटी तिघांनी मिळून खर्च वाटून घेतला. ज्या तीन प्लगांनी हे वाचलं असतं ते हार्डवेअरच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळतात.

म्हणून ताबा द्यायच्या आधी, घेणाऱ्याला सोबत घेऊन, पाणी चालू असताना हे करा.

वस्तू काढून नेलेल्या प्रत्येक ठिकाणी भिंतीतलं तोंड टेफ्लॉन टेप गुंडाळून प्लगने बंद करा. फक्त अँगल कॉक, म्हणजे भिंतीवरचा तो छोटा कॉक, फिरवून ठेवणं पुरेसं नाही, कारण कोणाचाही हात लागून तो उघडतो. मग मेन कॉक पूर्ण उघडा, सगळे नळ आणि शॉवर एकेक करून दोन मिनिटं चालवा, फ्लश दोनदा करा, आणि प्रत्येक सिंकखाली, कमोडमागे, गीझरच्या जागी कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर गळती आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

एखाद्या नळाला पाणी कमी असेल तर प्लंबर बोलावण्याआधी नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपातल्या गंजाचे कण तिथे अडकतात. जाळी लिंबाच्या पाण्यात भिजवून घासली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी येत नसेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असू शकते, विशेषतः घर बरेच दिवस बंद होतं तर. घरातले सगळे नळ एकदम उघडून पाच-सात मिनिटं चालू द्या.

पाणी तांबूस आलं तर दहा-पंधरा मिनिटं वाहू द्या आणि ते बादलीत धरून फरशीला वापरा. तेवढ्यात स्वच्छ झालं तर साचलेल्या पाण्याचा गंज होता. रोज सकाळी पुन्हा तांबूस येत असेल तर पाइप आतून संपलाय. हे घेणाऱ्याला सौद्याच्या आधी सांगा आणि किमतीत धरा. लपवलंत तरी पहिल्या सकाळी बादलीत दिसणारच आहे.

फ्लशची टाकी आवाज न करता गळते. तिच्यात खाण्याचा लाल रंग चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. रबर किंवा आतला सेट बदलणं हे स्वस्त काम आहे. थेंबाथेंबाने गळणाऱ्या नळाचाही हिशेब करून बघा : सेकंदाला एक थेंब, पाव मिलिलिटरचा, म्हणजे चोवीस तासांत साधारण २० लिटर. पालिकेचा घरगुती दर माणशी रोजी १५० लिटरपर्यंत साधा असतो आणि त्यापुढे पटीने चढतो. सोसायटीत चार घरं अशी गळत असली की भुर्दंड सगळ्यांवर बसतो.

जून महिन्यात ही फेरी करत असाल तर एवढं लक्षात ठेवा की तलाव खाली गेले की पालिका पाणीकपात लावते. २०२४ साली ५ जूनपासून १० टक्के कपात होती. त्या दिवसांत धार बारीक असणं हा घराचा दोष नसतो. शेजारच्या घरातली धार बघा आणि मग बोला.

मेन कॉक फिरतो का?

घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा कॉक कुठे आहे हे विकणाऱ्यालाच माहीत नसलेली घरं मी पाहिली आहेत. बहुधा तो बाथरूमच्या वर, माळ्यावर किंवा डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीच्या, खिडकीत असतो. तो हलक्या हाताने बंद होतो का, आणि बंद केल्यावर नळ खरंच कोरडा पडतो का, हे पाण्याच्या वेळेत बघा. गीझरचा, फ्लशचा, किचनचा असे आतले कॉकही बघा. कोणता कॉक काय बंद करतो ते चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा. घेणारा रात्री अकराला हीच चिठ्ठी शोधणार आहे.

कॉक जाम असेल तर तिथेच थांबा. पाना लावून जोर करू नका. जुन्या इमारतीत हा कॉक गच्चीवरून येणाऱ्या सामाईक उभ्या पाइपाला जोडलेला असतो. तो मुळाशी तुटला तर तुमच्या एकट्याचं नाही, वरपासून खालपर्यंत त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचं पाणी बंद करावं लागतं. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने असाच पाना लावला आणि सात घरं संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली, त्यात एका घरी बाळंतीण होती. सोसायटीच्या प्लंबरला बोलवा, गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून काम करायला सांगा आणि आदल्या दिवशी जिन्यात सूचना लावा. जुना कॉक गेलाच असेल तर तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवा, तो त्यामानाने कमी जाम होतो.

घर काही महिने रिकामं राहणार असेल

सौदा ठरणं आणि ताबा देणं यांत घेणाऱ्याच्या कर्जामुळे बरेच महिने जाऊ शकतात. तेवढ्या काळासाठी मेन कॉक बंद करा, गीझरचा स्विच बंद करा आणि माळ्यावरची टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. बंद घरात त्याला कोणी पाहत नाही, त्रास शेजाऱ्यांना होतो.

वासाचं कारण निराळं आहे. नाहणीच्या आणि सिंकच्या जाळीखाली वळणात बोट-दोन बोटं पाणी उभं असतं. तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते उडून जातं. घेणारा पहिल्यांदा दार उघडतो आणि त्याला वाटतं ड्रेनेज तुंबलंय. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो. दीड-दोन महिने कोणी येणार नसेल तर त्या पाण्यावर चमचाभर खायचं तेल सोडा, ते पाणी उडू देत नाही. पाणी ओतूनही दोन दिवसांत वास परत आला तर ट्रॅप, म्हणजे ते पाणी धरणारं वळण, फुटलाय किंवा मुळात बसवलेलाच नाही. मग प्लंबरच हवा.

ओल कोणाची?

इथून पुढे खर्च सुरू होतो, म्हणून आधी निरीक्षण करा. खालच्या घरातली ओल कधी वाढते ते चार दिवस लिहून ठेवा. पाणी सुटायच्या वेळेत वाढत असेल तर पाणी आणणारा पाइप गळतोय. तुमच्याकडे कोणी आंघोळ केल्यावर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर बाहेरची भिंत. आणि तुमचा मेन कॉक बंद आहे, घर आठवडाभर कुलूपबंद आहे, तरीही ओल वाढतेय, तर ती तुमच्या घरातून नाही. बहुधा डक्टमधल्या सामाईक पाइपाची आहे.

हा फरक पैशांचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक अशा घरातल्या गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. बाहेरचे सामाईक पाइप, टाक्या, पंप, गच्ची आणि पावसाची गळती ही सोसायटीची. विकायच्या घाईत अनेक जण सोसायटीच्या पाइपाची ओल स्वतःच्या बाथरूमच्या फरशा फोडून शोधतात. उलटंही होतं : घरातली गळती सोसायटीवर ढकलून घर विकून निघून जातात आणि नव्या कुटुंबाचं पहिलं वर्ष खालच्यांशी भांडण्यात जातं. मला त्या नव्या माणसांचं फार वाईट वाटतं, कारण त्यांनी काहीच केलेलं नसतं.

थेट जोडणी असलेल्या घरात मीटर मदतीला येतं. खालची टाकी भरलेली असू द्या, टाकीचा बॉल कॉक वर बांधून ठेवा, म्हणजे टाकीत पाणी जाणार नाही. घरातले नळ बंद करा आणि पालिकेचं पाणी आलेलं असताना मीटरमधली छोटी चांदणी बघा. ती फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये गळती आहे. पाणी येत नसताना हे बघून उपयोग नाही, मीटर तेव्हा फिरतच नाही. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटंही सोडून द्या, पाइपातली हवा मीटर फिरवते. काळे आकडे घनमीटरचे असतात आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ताब्याच्या दिवशी दोघांनी मीटरसमोर उभं राहून रीडिंगचा फोटो काढा, तारीख दिसेल असा.

थेट पालिकेच्या लाइनवर बूस्टर पंप लावला असेल तर विकण्याआधी काढून टाका. तो बेकायदा आहे. पंप ओढतो त्या वेळी पाइपात बाहेरचं घाण पाणी शिरू शकतं, ते तुम्हीही पिता आणि शेजारीही पितात.

नाव बदलणं

सोसायटीत नाव बदलतं ते शेअर सर्टिफिकेटसोबत. हस्तांतराचा अर्ज पूर्ण असेल तर समितीला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्या तीन महिन्यांत बिल जुन्या नावानेच येणार. यात काही चुकलेलं नसतं, घाबरू नका. ताबापत्राची प्रत ताब्याच्या दिवशीच सोसायटीला देऊन पोच घ्या आणि पुढची बिलं घेणाऱ्याला पाठवायला लेखी सांगा. पाण्याची अनामत, टाकीचा निधी अशा नावांखाली जास्तीची रक्कम मागितली तर कोणत्या ठरावाने ते लेखी विचारा. घर नव्या नावावर करताना सोसायटी घेते त्या हस्तांतराच्या प्रीमियमला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि पाण्याचं नाव देऊन ती ओलांडता येत नाही.

थेट जोडणीचं नाव वॉर्ड ऑफिसच्या नागरी सुविधा केंद्रातून अर्ज करून बदलतं. खरेदीखत आणि बाकी शून्य असलेलं बिल सोबत न्या. बिलावर आजोबांचं नाव असेल तर काम लांबतं, कारण आजोबा ते विकणारा हा दुवा आधी वारसांच्या कागदांनी जोडावा लागतो. गावठाणातल्या घरांत हे फार दिसतं. गिऱ्हाईक यायच्या आधी सहा महिने तरी हे हातात घ्या.

कुठे थांबायचं

भिंतीतला किंवा फरशीखालचा पाइप गळतोय असा संशय असेल तर स्वतः फोडू नका. प्लंबरकडून आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे कुठली लाइन गेली ते कळेल आणि एकच जागा फुटेल. गळती बीम किंवा स्लॅबच्या सळ्यांपर्यंत पोचली असेल, प्लास्टर सुटून गंजकी सळी दिसत असेल, तर काम प्लंबरचं राहिलं नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. गीझर किंवा स्विचबोर्डजवळ ओल दिसली तर आधी मेन स्विच पाडा, मग इलेक्ट्रिशियन, त्यानंतर प्लंबर.

मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला हात लावायचा नाही. ते पालिकेचं किंवा त्यांनी परवाना दिलेल्या प्लंबरचं काम. पाण्याला वास आला, ते गढूळ आलं आणि शेजारच्या इमारतीतही तसंच असलं, तर नळाखाली उभं राहून तपासत बसू नका. पिणं थांबवा, उकळूनही पिऊ नका, आणि पालिकेच्या १९१६ या फोन नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, त्याशिवाय पाठपुरावा होत नाही.

थकबाकीचा वाद असेल आणि सोसायटी पाणीच तोडते म्हणत असेल, तर कमिटीशी जिन्यात भांडू नका. सोसायटीला वसुलीसाठी सहकार कायद्यात कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, जायचा रस्ता आहे. तुम्हालाही तक्रार घेऊन उपनिबंधकांकडेच जाता येतं. पगडीच्या घरात मालकाने पाणी तोडलं तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २९ आहे, पण तिथे वकील घेऊनच जा.

आणि ताब्याची तारीख ठरवताना एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा. आमच्या इमारतीत सकाळी सहा ते साडेआठ पाणी असतं. त्यामुळे आमच्याकडे विकलेल्या घराचा ताबा साडेसहाला दिला जातो. विकणारे, घेणारे आणि खालच्या मजल्यावरचं कोणीतरी, असे तिघेही हजर असतात. खालचं माणूस स्वतःच्या बाथरूममध्ये वर बघत उभं राहतं, आम्ही वर सगळे नळ सोडतो, आणि पंधरा मिनिटांनी खालून "कोरडं आहे" असा निरोप आला की मग कागदावर सह्या होतात.